ओठांवरून आवाज

बापाला आमच्याकडं 'आता' म्हणतात.
आताला ऐकू येईनासं होऊन तीन हिवाळे झाले.
तेव्हापासून मुर्गाबच्या या गॅरेजात
(म्हणजे दोन गंजके कंटेनर, मध्ये खड्डा, वर ताडपत्री)
कान माझे, हात त्याचे.

आज मामातकुल आलाय, कोळशाचा झिल ट्रक घेऊन.
ट्रक माझ्याहून वीस वर्षांनी थोरला,
बॉनेटचा निळा रंग उन्हानं दुधाळ झालेला.
म्हणतो, काही नाही, जरा आवाज येतो.
जरा!
खिंड उतरून आलाय, आणि बोटं अजून
स्टीअरिंग धरल्यासारखी वाकडी.

कधीपासून? परवापासून.
खाली वाकून पाहिलं, तर क्रॉसच्या टोपीभोवती
तिखट सांडावं तशी तांबूस भुकटी.
ही काही परवाची नाही.
रोगी आणि ड्रायव्हर, दोघंही तारखा चोरतात.

आता भुवई उडवतो: कसा?
पहिल्या वर्षी मी सगळ्यालाच नुसतं 'आवाज' म्हणायची.
त्यानं पाना आपटला होता.
दुकानात जाऊन 'वस्तू द्या' म्हणतेस का?

म्हणून आज तोंड मोठं करून,
एकेक अक्षर ओठांवर ठेवून सांगते:
सावकाश चालताना कुई, कुई, कुई,
चाकाच्या एका फेऱ्यात पाच-सहादा,
म्हणजे चाकात नाही, शाफ्टात.
रिव्हर्समधून पहिल्यात टाकला की खट्,
एकदाच,
झोपेत कुणी कूस बदलावी आणि खाट बोलावी तसा.
चाळिसाला सीटखाली थरथर. वळणावर फरक नाही.

चाकांना दगड, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला.
तो खड्ड्यात उतरतो,
शाफ्ट दोन्ही हातांनी धरून इकडं पिळतो, तिकडं पिळतो.
मग माझा हात ओढून तिथं ठेवतो.
गव्हाच्या दाण्याएवढी ढील.
माझ्या कानांना जे सापडलं नव्हतं
ते बोटांना टोचलं.

काढण्याआधी शाफ्टवर आणि फ्लँजवर खडूची एकच रेघ.
होतं तसंच परत बसलं पाहिजे,
नाहीतर नवा क्रॉसही रडत राहतो.
सर्क्लिप. हातोडा. पुन्हा हातोडा.
टोपी निघाली, आत निम्म्या सुया नाहीत,
उरलेल्यांचं पीठ.
मामातकुलनं बघितलं
आणि आपलीही टोपी काढली.

माझं नाव बुरुल. बुरुल म्हणजे वळ.
लागोपाठ तिसरी मुलगी झाली तेव्हा ठेवलं,
पुढच्या खेपेला नशिबानं मुलाकडं वळावं म्हणून.
चौथीही मुलगीच. ती ओशला शिंपीकाम करते.
शाफ्ट हातानं फिरवताना हे कधीकधी आठवतं,
रोज नाही.

ग्रीस भरली, चारी टोप्यांतून ओघळेपर्यंत.
संध्याकाळी गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर फेरी मारली.
कुई नाही. खट् नाही.
आताचा तळवा केबिनच्या पत्र्यावर पसरलेला,
चेहरा जेवण झाल्यासारखा.

पण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की
मागून, पार मागून, एक हुंकार.
पाय दिला की गप्प.
पिनियनचं बेअरिंग असणार. इतकं बारीक
की पत्रा अजून चुगली करत नाही.

मामातकुलकडं पैसे होते ते क्रॉसपुरतेच,
सकाळीच त्यानं दोनदा मोजलेत.
कानाडोळा करता आला असता.
कान माझेच तर आहेत.

आता भुवई उडवतो: कसा?

हुंकार ओठ मिटून असतो, तो वाचता येत नाही.
मी त्याचा ग्रीसनं माखलेला हात घेते,
माझ्या गळ्यावर ठेवते,
आणि तोंड बंद करून ट्रकासारखी घुमत राहते.
तो डोळे मिटतो.

मामातकुल खिसा चाचपतोय.